जंगलवाटेवर कुत्र्याला नेताना : वाचकांचे प्रश्न

राखीव जंगलातल्या पायवाटांवर कुत्र्याला घेऊन जाण्याविषयी बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरं देत आहोत. एक गोष्ट आधीच सांगायला हवी. कुत्रा दमला म्हणून स्वतःहून थांबत नाही, तो माणसाच्या मागे येतच राहतो. कधी थांबायचं आणि कधी मागे फिरायचं, हे माणसानेच ठरवायचं असतं. पुढची बहुतेक उत्तरं याच मुद्द्याकडे येतात.

प्रश्न : आमचा लॅब्रॅडॉर तीन वर्षांचा आहे, वजन ३४ किलो. रोज सकाळी चाळीस मिनिटं सपाट रस्त्यावर फिरतो. १२ किलोमीटरची, ६०० मीटर चढाची वाट त्याला झेपेल का?

आत्ता लगेच नाही. दोन-अडीच महिन्यांच्या तयारीनंतर बहुधा झेपेल.

आधी वजन पाहा. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण तळवा फिरवला की बोटांना सहज लागाव्यात. त्यासाठी दाबावं लागत असेल, तर पहिलं काम वजन कमी करण्याचं. कुत्रा नुसता उभा असतो तेव्हाही त्याच्या शरीराचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. उतारावर तो आणखी वाढतो. म्हणूनच लंगडणं बहुतेकदा परतीच्या वाटेवर सुरू होतं.

सुरुवात चार-पाच किलोमीटर आणि शंभर-दीडशे मीटर चढापासून करा. पुढच्या आठवड्यात अंतर वाढवा किंवा चढ वाढवा. दोन्ही एकदम वाढवू नका. लांब चालीच्या दुसऱ्या दिवशी विश्रांती द्या. खरी परीक्षा त्याच दिवशी सकाळी होते. झोपेतून उठताना तो अवघडून उठला, पायरी चढायला कचरला किंवा पंजा चाटत बसला, तर आदल्या दिवशीचं अंतर जास्त झालं असं समजा आणि पुढच्या वेळी त्याहून कमी चाला.

वाटेवर त्याची चाल बघत राहा. पुढे ओढणारा कुत्रा मागे पडू लागला, सावली दिसताच बसू लागला, मागच्या पायांची नखं दगडावर घासल्याचा आवाज येऊ लागला किंवा आवडता खाऊ नाकारू लागला, तर परत फिरा. अर्धी वाट संपेपर्यंत थांबू नका. त्याच्या ताकदीचा आणि तुमच्याजवळच्या पाण्याचा एक तृतीयांश भाग संपला, की वळायचं.

लॅब्रॅडॉरविषयी एक जास्तीची सूचना. या जातीत एक आनुवंशिक दोष आढळतो. एरवी अगदी ठणठणीत असलेला कुत्रा जोरात पळापळ केल्यावर पाच ते पंधरा मिनिटांत मागच्या पायांनी लटपटतो आणि कोसळतो. जनुकीय चाचणीत हा दोष कळतो. तुमच्या कुत्र्याच्या बाबतीत खेळताना असं एकदा जरी झालं असेल, तर डोंगरावर नेण्याआधी ही चाचणी करून घ्या.

प्रश्न : आमची कुत्री हाक मारली की लगेच येते, कुणाला चावत नाही. मग जंगलातही तिला दोरीने बांधून न्यायचा आग्रह कशासाठी?

दोरीचा संबंध चावण्याशी कमी आणि तिच्या वासाशी जास्त आहे. जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांच्या, सशांच्या आणि हरणांच्या दृष्टीने कुत्रा म्हणजे शिकारी. तिने पाठलाग केला नाही तरी ते उठतात, पळतात, अंडी उघडी पडतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिडनीजवळच्या झाडीतल्या वाटांवरून दोरीला बांधलेली कुत्री नेण्यात आली. लगेच केलेल्या मोजणीत पक्ष्यांच्या जातींची विविधता ३५ टक्क्यांनी आणि पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनी कमी भरली. लक्षात घ्या, ही दोरीला बांधलेली कुत्री होती. मोकळं कुत्रं वाटेच्या दोन्ही बाजूंना पन्नास-शंभर मीटर आत घुसतं, म्हणजे त्रासाचा पट्टा तेवढाच रुंद होतो.

काही राखीव क्षेत्रांत कुत्र्यांना मुळीच प्रवेश नसतो, काही ठिकाणी फक्त विणीच्या हंगामात नसतो. निघण्याच्या आदल्या दिवशी तिथल्या व्यवस्थापनाकडे चौकशी करा. 'प्रवेश नाही' असं सांगितलं, तर दुसरी जागा शोधा. आपलं कुत्रं गुणी आहे म्हणून त्याच्यापुरता अपवाद होत नाही.

दोरी १.८ ते २ मीटर लांबीची, एकसंध आणि पकडायला रुंद असावी. डबीतून सुटत जाणारी बारीक दोरी जंगलात नको. ती झुडपात अडकते, कुत्र्याच्या पायाला गुंडाळली जाते, आणि हातातून सरकली तर तळवा सोलून काढते. दोरीचं टोक मनगटात अडकवून तळव्यात धरा, बोटांभोवती कधीही गुंडाळू नका. एका झटक्यात बोट मोडतं. कमरेच्या पट्ट्याला दोरी जोडली की चढावर हात मोकळे राहतात, पण ओल्या किंवा घसरड्या उतारावर ती कमरेवरून काढून हातात घ्या. वेळ पडली तर सोडून देता आली पाहिजे.

गळपट्ट्यापेक्षा छातीवर इंग्रजी 'वाय'सारखा आकार येणारा हार्नेस बरा. खांद्याचा सांधा मोकळा राहतो आणि दगडावरून उतरवताना कुत्र्याला आधार देता येतो. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जावीत. पोटाचा पट्टा काखेला चिकटून नको, पुढच्या कोपराच्या चार-पाच सेंटिमीटर मागे हवा. नाहीतर दोन तासांत काख सोलवटते. गळपट्टाही राहू द्या, फक्त नाव आणि फोन नंबरच्या बिल्ल्यासाठी.

प्रश्न : चार तासांच्या चालीला पाणी किती न्यावं? वाटेत ओढा आहे, मग जास्त ओझं कशाला?

घरी आराम करणाऱ्या कुत्र्याला दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला एक ते सव्वा लिटर. चालताना, विशेषतः उन्हात, हा आकडा सहज दुप्पट होऊ शकतो. चार तासांसाठी २० किलोच्या कुत्र्याला एक ते दीड लिटर वेगळं ठेवा. हे तुमच्या पिण्याच्या पाण्याव्यतिरिक्त. वाट उघडी असेल, तर अंग भिजवायला आणखी अर्धा लिटर घ्या.

दर वीस-तीस मिनिटांनी थांबून घडीच्या भांड्यात थोडं थोडं द्या. तहानेने व्याकूळ झाल्यावर एकदम लिटरभर पाजलं, की तो ओकतो आणि होतं तेही पाणी जातं. माणसांची खेळाडूंसाठीची पेयं देऊ नका.

ओढ्यावर भिस्त ठेवू नका. साठलेल्या पाण्यात प्राण्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायराचे जंतू येतात, वाहत्या पाण्यातही जिआर्डिया हा जुलाब लावणारा परजीवी असू शकतो. सगळ्यात घातक ते संथ पाणी, ज्यावर हिरवट-निळा, रंग सांडल्यासारखा तवंग असतो. ते निळे-हिरवे जिवाणू. त्यांच्या काही विषांचा परिणाम यकृतावर होतो, काहींचा मज्जासंस्थेवर, आणि कुत्रा काही तासांत, कधी त्याही आधी दगावू शकतो. पाणी न पिता नुसता डुंबला, तरी नंतर अंग चाटताना ते विष पोटात जातं. असा तवंग दिसला की दोरी आखडून घ्या. तरी तो पाण्यात गेलाच, तर अंग चाटायच्या आत स्वच्छ पाण्याने खळखळून धुवा आणि लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : उन्हाचा त्रास होतोय हे कसं ओळखायचं? आमचा पग फार लवकर धापा टाकतो.

पग, बुलडॉग, बॉक्सर अशा आखूड नाकाच्या जातींना लांब चढाईवर नेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. कुत्र्याला घाम फक्त पंज्यांना, तोही नावापुरता येतो. शरीरातली उष्णता बाहेर टाकायची ती धापेनेच, जिभेवरून आणि नाकातून पाणी उडून. पगच्या नाकात त्याला जागाच पुरेशी नाही. त्याच्यासाठी पहाटेची, सावलीतली, दोन-तीन किलोमीटरची सपाट वाट शोधा. दमट दिवशी तीही नको, कारण हवेत आधीच बाष्प असलं की धाप लागूनही अंग थंड होत नाही. ढगाळ हवा पाहून लोक फसतात ते इथेच.

उन्हाच्या त्रासाची पहिली पायरी ओळखायची सगळ्यांनीच सवय करावी. धाप जोरात आणि आवाजी होते, जीभ लांब लोंबते आणि टोकाला पसरट होते, लाळ चिकट होते, हिरड्या गडद लाल दिसतात. इथेच थांबायचं, सावलीत न्यायचं, पाणी द्यायचं. पाच-दहा मिनिटांत धाप उतरली नाही, तर त्या दिवसाचं चालणं संपलं. पुढची पायरी म्हणजे झोकांड्या, ओकारी, पातळ शी, हाकेला प्रतिसाद नाही, हिरड्या फिक्या किंवा जांभळट. निरोगी कुत्र्याचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ते ४१ च्या वर गेलं की अवयव निकामी होऊ लागतात.

अशा वेळी आधी थंड करा, मग हलवा. डॉक्टरांकडे नेण्याच्या घाईत थंड करणं राहून जातं आणि तीच मिनिटं मोलाची असतात. जवळ असेल ते सगळं पाणी मान, छाती, पोट, जांघा यांवर, केसांच्या मुळापर्यंत भिजेल असं ओता आणि टोपीने, नकाशाने, हाताला येईल त्याने वारा घाला. पाणी कुत्र्याच्या अंगापेक्षा थंड असलं की पुरे, बर्फासाठी अडून राहू नका. ओला टॉवेल अंगावर झाकून ठेवायची चूक करू नका. काही मिनिटांत तो टॉवेल गरम होतो आणि आतली उष्णता कोंडतो. टॉवेल हवाच तर अंगाखाली अंथरा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका. थर्मामीटर असेल तर ३९.५ ला आल्यावर भिजवणं थांबवा, नाहीतर तापमान गरजेपेक्षा खाली जातं.

तो उठून शेपूट हलवू लागला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मूत्रपिंडाची आणि रक्त गोठण्याची बिघाडी एक-दोन दिवसांनीही उघडकीला येते.

प्रश्न : पंज्यांना बूट घालावेत का?

खडकाळ, तापलेल्या किंवा बर्फाच्या वाटेवर घालावेत. मातीच्या, पानांनी झाकलेल्या वाटेवर गरज नाही. हाताची मागची बाजू खडकावर सात सेकंद ठेवता आली नाही, तर तो खडक पंज्यांनाही भाजतो.

माप घेताना कुत्र्याचा दुसरा पुढचा पाय उचला, म्हणजे मापाच्या पंज्यावर पूर्ण भार येईल. तो पसरतो, ती रुंदी घ्या. मागचे पंजे बहुधा अरुंद असतात, त्यांचं माप वेगळं. हे न पाहता चार एकाच मापाचे बूट घेतले, की मागचे दोन पहिल्याच चिखलात निघून पडतात. आठवडाभर घरात रोज पाच-दहा मिनिटं घालून सवय करा. वाटेवर तासाभराने काढून पंजे कोरडे करा आणि वरच्या अंगठ्याजवळ घासलं आहे का ते बघा.

पंज्याच्या गादीची साल निघाली, तर पाण्याने धुवा, लोंबती कातडी ओढू नका, न चिकटणारी जाळी ठेवून स्वतःलाच चिकटणारी पट्टी बांधा. मधल्या दोन बोटांची टोकं उघडी ठेवा. ती सुजली किंवा गार पडली, तर पट्टी आवळली गेली आहे, सैल करा. चालीला निघण्याच्या चार-पाच दिवस आधी नखं कापा, आदल्या दिवशी नको. चुकून खोल कापलं गेलं तर भरायला वेळ मिळतो.

प्रश्न : शीची पिशवी वाटेच्या कडेला ठेवून परतताना उचलली तर चालेल ना?

नाही. परतताना वाट बदलते, अंधार पडतो, विसरायला होतं, आणि पिशवी प्राणी फोडतात. जंगलात बाकीच्या प्राण्यांची शी असतेच, हा युक्तिवादही टिकत नाही. ते प्राणी तिथलंच खातात आणि तिथेच टाकतात, आपण बाहेरचा कसदार आहार आणून तिथे टाकतो. बेल्जियममधल्या घेंट शहराजवळच्या राखीव क्षेत्रांत केलेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कुत्र्यांच्या मलमूत्रातून दर हेक्टरी वर्षाला सुमारे ११ किलो नायट्रोजन आणि ५ किलो फॉस्फरस पडत असल्याचा अंदाज निघाला. त्याने नापीक जमिनीवरच टिकणारी नाजूक झाडं मागे पडतात आणि माजणारं तण पुढे येतं. शिवाय गोलकृमीची अंडी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात.

दोन पिशव्या, एकीत दुसरी, आणि त्यांना बाहेरून एक झाकणाचा डबा. वास येत नाही आणि डबा पाठपिशवीला टांगता येतो.

प्रश्न : जंगलातून आल्यावर गोचीड आणि कुसळं कशी शोधायची? पावडर लावली तरी गोचीड सापडतातच.

आधी कुसळांविषयी, कारण त्यांच्याकडे फार दुर्लक्ष होतं. कुसळाला मागे वळलेले बारीक काटे असतात, त्यामुळे ते केसात शिरलं की एकाच दिशेने, आत आत सरकतं. बोटांच्या बेचक्यात घुसलेलं कुसळ कातडी भेदून वर चढतं आणि काही दिवसांनी तिथे पुवाची गाठ येते. चालून आल्यावर कुत्रा अचानक एका बाजूला मान कलती करून डोकं झटकू लागला, तर कान बघा. एकामागून एक जोरात शिंकू लागला, तर नाक. एकच पंजा सारखा चाटू लागला, तर बेचकी. कानात किंवा नाकात गेलेलं कुसळ घरी काढायला जाऊ नका, ते आणखी आत जातं. लांब केसांच्या कुत्र्यांच्या बोटांमधले आणि कानाखालचे केस हंगामात आखूड कापून ठेवा. हा सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय.

गोचीड केसांच्या उलट दिशेने बोटं फिरवून शोधा. डोळ्यांपेक्षा बोटांना ती लवकर लागते. कानांच्या आत आणि मागे, पापण्या, गळपट्ट्याखाली, काखा, जांघा, शेपटीच्या मुळाशी आणि बोटांच्या मधे बघा. सापडली की बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ, एकसारखा जोर लावून ओढा. तेल, रॉकेल, पेटती काडी, काहीही नको. त्रास झालेली गोचीड पोटातलं जंतूंसकट कुत्र्याच्या अंगात ओकू शकते. नखांमध्ये चिरडूही नका, अल्कोहोलच्या बाटलीत टाका.

हे त्याच दिवशी करायचं, उद्यावर टाकायचं नाही. लाइम रोगाचे जंतू सहसा २४ तासांहून अधिक चिकटून राहिलेल्या गोचिडीकडून येतात, पण एर्लिकियासारखे काही जंतू काही तासांतच शिरतात. पुढचे तीन आठवडे ताप, मरगळ, फिक्या हिरड्या, गडद लघवी, नाकातून रक्त यांकडे लक्ष ठेवा. डॉक्टरांकडे जाल तेव्हा 'जंगलात गेलो होतो' हे तारखेसह सांगा, म्हणजे योग्य रक्ततपासणी होते.

औषधाचं म्हणाल, तर फ्लुरालेनर किंवा अफॉक्सोलेनरसारख्या गोळ्या परिणामकारक आहेत. पहिलीचा परिणाम साधारण बारा आठवडे, दुसरीचा महिनाभर. मात्र गोचीड चावल्यावरच मरते, म्हणून गोळी देऊनही ती अंगावर दिसणारच. म्हणजे तपासणी करावीच लागते. कुत्र्याला पूर्वी झटके आले असतील, तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय या गोळ्या देऊ नका. परमेथ्रिन असलेली औषधं कुत्र्याला चालतात, पण घरात मांजर असेल तर तिच्यासाठी ती विष आहेत. माणसांचं डीट (डास पळवणारं रसायन) असलेलं मलम कुत्र्याला लावू नका, तो ते चाटतो.

प्रश्न : साप चावला तर?

कुत्रा नाकाने जग बघतो, म्हणून दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. त्याला चालू देऊ नका, उचला. गळपट्टा आणि हार्नेस काढा, सूज चढली की तेच गळा आवळतील. वेळ लक्षात ठेवा. दोर आवळून बांधणं, कापणं, चोखणं, बर्फ लावणं यातलं काहीही करू नका. साप मारायला किंवा पकडायला थांबू नका. फोन लागताच प्रतिविष उपलब्ध असलेल्या दवाखान्याची खात्री करून तिथेच जा. कोणत्या दवाखान्यात ते मिळतं, हे निघण्याआधीच विचारून ठेवलेलं असावं.

प्रश्न : सात महिन्यांचं पिल्लू आहे, मोठ्या जातीचं. कधीपासून न्यावं?

लांब चढाईला वर्ष-दीड वर्षाआधी नको. मोठ्या जातींमध्ये हाडांच्या टोकांची वाढ साधारण १४ ते १८ महिन्यांपर्यंत चालू असते आणि तिथे झालेली इजा पाय वाकडा करून जाते. तोवर लस पूर्ण झालेल्या पिल्लाला छोट्या, मऊ मातीच्या वाटांवर, त्याच्याच चालीने, वास घेत हिंडू द्या. लसीचा मुद्दा जंगलासाठीही आहे. १९९४ साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या जंगलात सुमारे एक तृतीयांश सिंह डिस्टेंपरने गेले. हा कुत्र्यांचा रोग आहे. पाठीवर सामान लादायचं असेल तर तेही हाडं पक्की झाल्यावरच, आणि आधी वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतच.

प्रश्न : माझा सुका मेवा त्याला दिला तर चालतो का?

नाही. मनुका आणि द्राक्षं मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि किती खाल्ल्या तर निभावेल याचा भरवसा नसतो. चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेली च्युइंगगमही विषारी. पाठपिशवी उघडी टाकून बसू नका. त्याचं नेहमीचं जेवण निघण्याच्या दोन-तीन तास आधी, एरवीच्या निम्मं द्या. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांना भरल्या पोटी धावडवलं, तर जठराला पीळ पडायचा धोका असतो. पोट फुगलं आणि काही न पडता उमासे येत राहिले, तर शस्त्रक्रियेसाठी हाताशी काही तासच असतात.

प्रश्न : ३२ किलोचं कुत्रं मधेच लंगडं झालं तर खाली कसं आणायचं?

निघण्यापूर्वीच याचं उत्तर हातात हवं. कुत्रा उचलायची कापडी झोळी मिळते, वजन अर्ध्या किलोच्या आत. ती दोन्ही खांद्यांवर घेऊन कुत्रा पाठीवर बसतो. घरी दहा मिनिटं बसवून बघा, जखमी अवस्थेत पहिल्यांदा बसवलं तर तो धडपडतो. दोघंजण असाल तर दर दोनशे-तीनशे पावलांनी खांदा बदला. एकट्याने ३२ किलो घेऊन उतरणं पुष्कळांना जमत नाही. म्हणून एकटे जाताना फोनची रेंज असलेली छोटी वाट निवडा आणि परतायची वेळ घरी सांगून ठेवा.

दुखऱ्या कुत्र्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊ नका, स्वतःचा लाडका कुत्राही वेदनेत चावतो. जाळीच्या पट्टीने तोंड सैलसर बांधता येतं, पण तो धापा टाकत असेल, ओकत असेल किंवा तापला असेल, तर बांधू नका. माणसांची वेदनाशामकं देऊ नका. आयबुप्रोफेनने जठराला आणि मूत्रपिंडाला, पॅरासिटामॉलने यकृताला आणि रक्ताला इजा होते. नखातून रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने पाच मिनिटं सलग दाबून धरा. मधेमधे उचलून बघितलं की गोठलेलं रक्त निघून येतं आणि मोजणी पहिल्यापासून करावी लागते.